लोरेटोचा मळसूत्री जिना : कर्ता, कठडा आणि आख्यायिका

जिना ही वस्तू कलासमीक्षेच्या वाट्यास फारशी येत नाही. मंदिराचे शिखर, मशिदीचा घुमट, वाड्याचा दर्शनी सज्जा ह्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेणाऱ्या लाकडी पायऱ्यांचा उल्लेख झालाच तर तो वर्णनाच्या ओघात एखाद्या वाक्यापुरता होतो. ह्या उपेक्षेला कारण आहे. जिना मुख्यतः वापरावयाची वस्तू आहे आणि तिचा वापर बिनबोभाट चालू असला की तिच्याकडे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते पाय अडखळल्यावर. अशा स्थितीत अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे येथील लोरेटो चॅपेलमधला लाकडी जिना हा एक विलक्षण अपवाद ठरतो. तो पाहावयास दूरदूरचे प्रवासी तिकीट काढून येतात. त्याच्यावर ग्रंथ, लेख आणि चित्रपट झाले आहेत. मात्र ह्या प्रसिद्धीचा बारकाईने विचार केला, तर जिन्याची कीर्ती जिन्याच्या गुणांवर उभी नसून त्याच्याभोवती रचलेल्या कथेवर उभी आहे, असे दिसून येते. कथा बाजूस ठेवून त्या कलाकृतीचे मूल्यमापन कसे करावे, आणि ते केल्यावर कथेचे काय उरते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम वस्तुस्थिती. लोरेटो पंथाच्या जोगिणींनी चालविलेल्या कन्याशाळेसाठी हे चॅपेल बांधावयास 1873 मध्ये आरंभ झाला व 1878 मध्ये ते पुरे झाले. सांता फेचे धर्मप्रमुख झां-बाप्तीस्त लामी हे फ्रेंच होते. वास्तूची धाटणीही पॅरिसच्या सेंत-शापेलवरून घेतलेली, गॉथिक पुनरुज्जीवनाच्या पद्धतीची आहे. मागील बाजूस गायकवृंदासाठी एक उंच माळा आहे, आणि तेथवर जावयास सोय नव्हती. नेहमीचा जिना बसविला असता तर खालची पुष्कळ जागा अडली असती. ह्या अडचणीतून जो जिना निर्माण झाला तो सुमारे 20 फूट उंचीचा, 33 पायऱ्यांचा, आणि स्वतःभोवती दोन पूर्ण वेढे घेऊन वर जाणारा असा आहे. त्याच्या मधोमध खांब नाही; तो कोणत्याही भिंतीस टेकलेला नाही. जोडकामात लोखंडी खिळे नसून लाकडी खुंट्या आहेत.

आख्यायिका अशी की, जोगिणींनी सुतारांचे संत जोसेफ ह्यांची नऊ दिवस आराधना केली. शेवटच्या दिवशी गाढवावर हत्यारांची पेटी लादून एक वृद्ध दारात आला. करवत, हातोडा आणि गुण्या एवढ्याच साहित्यानिशी त्याने हे काम केले आणि मजुरी न घेता, नावही न सांगता तो निघून गेला. तो प्रत्यक्ष संत जोसेफच होता, अशी श्रद्धा पुढे दृढ झाली. तिला जोड म्हणून आणखी दोन विधाने नेहमी केली जातात: असा जिना उभा राहणे यांत्रिकीच्या नियमांत बसत नाही, आणि त्याचे लाकूड त्या प्रदेशातले नाही.

ह्यांतील पहिले विधान तपासण्यासारखे आहे, कारण त्यातच ह्या जिन्याचे खरे शिल्प दडलेले आहे. मळसूत्राच्या आकाराचा जिना दोन बाजूंच्या वाकविलेल्या पाटांवर उभा असतो. पायऱ्यांची टोके ह्या दोन पाटांत बसविलेली असतात. बाहेरचा पाट मोठ्या त्रिज्येचा, आतला अतिशय लहान त्रिज्येचा. लोरेटोच्या जिन्यात आतला पाट इतका आखूड वळण घेतो की, त्याचे वेढे परस्परांच्या वर जवळजवळ उभ्या रेषेत येतात आणि तो पाट स्वतःच एखाद्या पोकळ खांबाप्रमाणे भार खाली नेतो. म्हणजे मध्ये खांब नाही हे खरे असले तरी खांबाचे कार्य करणारे काहीच नाही, हे खरे नव्हे. बाहेरच्या पाटाची गोष्ट निराळी. माणूस पायरीवर चढला की हा पाट उलगडू पाहतो. त्यात पीळ उत्पन्न होतो. ही पिळाची ओढ खाली जमिनीशी, वर माळ्याशी आणि प्रत्येक पायरीच्या सांध्याशी वाटली जाते. चढणाऱ्यास जिना पावलाखाली किंचित स्प्रिंगसारखा लवतो असे जाणवत असे, ते ह्याचमुळे. शिवाय बाहेरचा पाट माळ्याच्या एका खांबाशी जोडणारा एक लोखंडी आधारही तेथे आहे. छायाचित्रांत तो सहसा येत नाही, आणि वर्णनांतही नाही. चमत्काराचे कथन करणाऱ्यांनी तो वगळावा हे स्वाभाविक आहे. कलेचे कौतुक करणाऱ्यांनीही तो वगळावा हे मात्र नवल होय. कारण अडचण ओळखून आधार देणे हे कारागिरीतले न्यून मानण्याचे कारण नाही.

लाकडाच्या संबंधी थोडक्यात सांगता येईल. ते स्प्रूस जातीचे आहे असे काष्ठपरीक्षेत ठरले आहे. परगावचे लाकूड वापरले गेले तर ते कोणीतरी मागविले आणि त्याचे पैसे कोणीतरी दिले, एवढाच अर्थ निघतो.

ह्या जिन्याचा मूळ प्रश्न भूमितीचा आहे. सरळ जिन्यात एक पायरी आखली की बाकीच्या तिच्याच प्रतिकृती असतात. मळसूत्री जिन्यात प्रत्येक पायरी पाचरीच्या आकाराची, आणि बाजूचा पाट एकाच वेळी वाकणारा, चढणारा व पीळ घेणारा. अशी वस्तू सपाट फळीवर आधी आखून, तुकड्यातुकड्यांनी कापून, मग एकसंध जुळवावयाची म्हणजे तीन परिमाणांतील रूप दोन परिमाणांत पाहता आले पाहिजे. इंग्लंडात पीटर निकल्सनने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुतारांसाठी जे ग्रंथ लिहिले त्यांत वळणाऱ्या कठड्याच्या आखणीचा भाग मोठा आहे. फ्रान्समध्ये लाकडावर रेखाटन करून सांधे पाडण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून 2009 मध्ये युनेस्कोने तिची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. करवत, हातोडा आणि गुण्या एवढीच हत्यारे होती ह्या गोष्टीचे आख्यायिकेला अप्रूप वाटते. पण खरे हत्यार ही आखणीची विद्या होती, आणि ती पेटीत दिसत नाही.

आता पायऱ्यांकडे वळावयास हवे, कारण जिन्याची परीक्षा अखेर पायाने होते. फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लोंदेलने 1675 पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या वास्तुविद्येच्या व्याख्यानांत एक सूत्र सांगितले: दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी मिळून 24 फ्रेंच इंच व्हावेत. हे माप त्याने माणसाच्या चालण्यातील पावलावरून घेतले. चढ वाढला की पाऊल आखूड होते, आणि किती वाढला म्हणजे किती आखूड, हे त्या सूत्राने ठरते. 24 फ्रेंच इंच म्हणजे आजचे सुमारे साडेपंचवीस इंच. लोरेटोच्या 20 फुटांचे 33 भाग केले तर प्रत्येक पायरी सुमारे सव्वासात इंच उंच येते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेने निवासी इमारतींस घातलेली 190 मिलिमीटरांची, म्हणजे साडेसात इंचांची, मर्यादा ह्या उंचीने ओलांडली जात नाही. सूत्राप्रमाणे अशा जिन्यात पाऊल पडते त्या ठिकाणी पायरी सुमारे 11 इंच रुंद असावयास हवी. परंतु दोन वेढ्यांचे 720 अंश 33 पायऱ्यांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्यास सुमारे 22 अंश येतात, आणि 22 अंशांच्या पाचरीला 11 इंचांची रुंदी केंद्रापासून सुमारे 29 इंचांवर लाभते. त्या रेषेच्या आत पायरी झपाट्याने निमुळती होत जाते, बाहेर ती ऐसपैस होते. चढणाऱ्याने त्या रेषेच्या जवळपास किंवा बाहेर राहावे, अशी ह्या आकाराची मागणी आहे.

ह्या हिशोबामुळे कठड्याच्या प्रश्नाला निराळेच महत्त्व येते. आरंभी काही वर्षे ह्या जिन्याला कठडा नव्हता. 1887 मध्ये फिलिप ऑगस्ट हेश नावाच्या कारागिराने तो बसविला. तत्पूर्वी काहींना हातापायांवर रांगत उतरावे लागे, अशी आठवण नोंदली गेली आहे. जिन्याच्या रसिकांपैकी अनेकांना हा कठडा खटकतो; मूळ आकृतीचे निखळ वळण त्यामुळे झाकले गेले, असे त्यांचे म्हणणे असते. साहित्याच्या अभ्यासकास ही भूमिका ओळखीची वाटेल. मूळ पाठ शुद्ध, नंतरची भर ती प्रक्षेप, आणि प्रक्षेप गाळून टाकणे हे संपादकाचे कर्तव्य, ही पाठचिकित्सेची दृष्टी येथे लाकडास लावलेली आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तिचे महत्त्व निर्विवाद आहे; पण ओवीला लावावयाचा न्याय पायरीला जसाच्या तसा लावता येईल काय?

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची येथे चांगली कसोटी लागते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) ह्या ग्रंथात संवेदनांच्या परस्परसंबंधांतून, म्हणजे संवादलय, विरोधलय आणि समतोललय ह्यांतून, सौंदर्याची उपपत्ती त्यांनी मांडली. ही उपपत्ती स्वीकारून लोरेटोचा जिना पाहिला तर कठड्याविना असलेली आकृती श्रेष्ठ ठरेल, ह्यात शंका नाही. आतल्या आणि बाहेरच्या पाटांच्या दोन वक्ररेषा एकाच अक्षाभोवती निरनिराळ्या गतीने चढतात. त्यांच्यात संवाद आहे आणि विरोधही. पायऱ्यांच्या कडांची पुनरावृत्ती त्यांना ताल देते. कठड्याच्या उभ्या काठ्या ह्या तालात एक दुसरा, अधिक दाट ताल मिसळतात आणि मूळ रेषा पुसट करतात. डोळ्यापुरते हे परीक्षण बिनचूक आहे. मात्र जिन्याचे संवेदन डोळ्यापुरते नसते, आणि मर्ढेकरांच्या उपपत्तीत पायाला, तळव्याला, तोल सांभाळणाऱ्या अंतःकर्णाला स्थान शोधावे लागते. कांटने 1790 च्या ग्रंथात स्वायत्त आणि परायत्त असे सौंदर्याचे दोन प्रकार कल्पिले, त्यांपैकी दुसऱ्यात वस्तूच्या प्रयोजनाचा विचार गृहीत आहे. वास्तूची उदाहरणे त्याने ह्या दुसऱ्या प्रकारात घातली, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कठड्याविना ह्या जिन्याचे काय होते ते वरील हिशोबावरून स्पष्ट होते. पायरी जेथे रुंद आहे तेथे कडेची भीती. जेथे भीती नाही तेथे, आतल्या पाटाशी, पाऊल मावत नाही. दोहोंच्या मधली एक अरुंद पट्टी तेवढी चढणाऱ्याची. बाहेरचा रुंद भाग डोळ्याला दिसतो पण पायाला लाभत नाही. कठडा आल्यावर हा भाग प्रथमच वापरात आला, आणि ब्लोंदेलच्या सूत्राला हवी ती रेषा चढणाऱ्यास निर्धास्तपणे घेता आली. म्हणून हेशचा कठडा म्हणजे मूळ कृतीवर चढविलेला अलंकार किंवा तीत घुसडलेला प्रक्षेप नव्हे. त्याने जिन्याला त्याची स्वतःची रुंदी मिळवून दिली. मूळ कारागिराचा दोष काढण्याचे येथे प्रयोजन नाही. तथापि गायकवृंदातील मुलींना ज्यावरून उतरताना रांगावे लागते, ती कृती पूर्ण झाली असे म्हणणे हे आकृतीच्या मोहाने केलेले विधान आहे.

महाराष्ट्रातील वाड्यांच्या जिन्याशी तुलना केली तर हा मुद्दा अधिक उघड होतो. पेशवाई धाटणीच्या वाड्यात जिना पुष्कळदा भिंतीच्या जाडीतच सामावलेला असतो: अरुंद, उभा, काळोखा, एका वेळी एकच माणूस जाईल असा, आणि क्वचित वरच्या तोंडाशी झडप असलेला. शत्रू घरात शिरलाच तर माडीवर सहजासहजी पोहोचू नये, हा त्यामागील एक हेतू. पायऱ्यांची उंची ब्लोंदेलच्या सूत्राला मानवणारी नसते आणि नवख्या माणसाचे गुडघे ते लगेच सांगतात. तरीही तेथे कठड्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या भिंतीच कठड्याचे काम करतात. फार तर वरून एखादा दोर सोडलेला असतो. वाड्याचा सुतार आपली कला चौकातल्या खांबांवर, महिरपींवर, सज्जाच्या कोरीव कामावर खर्च करी. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचे दर्शनी लाकूडकाम ह्याची साक्ष आहे. जिना मात्र तो लपवी. लोरेटोच्या कारागिराने उलट केले. त्याने जिना खोलीच्या मोकळ्यात उभा करून दाखविला. आणि जे मोकळ्यात उभे राहते त्याच्या कडेची जबाबदारी भिंतीवर टाकता येत नाही.

येथवर आले म्हणजे कर्त्याचा प्रश्न टाळता येत नाही. मेरी जीन स्ट्रॉ कुक ह्या अभ्यासिकेने ह्या चॅपेलवरील आपल्या ग्रंथात (2002) फ्रांस्वा-झां रोशा ह्या फ्रेंच कारागिराचे नाव पुढे आणले. तिचे मुख्य आधार दोन. सांता फेच्या वृत्तपत्रात जानेवारी 1895 मध्ये रोशाच्या मृत्यूची वार्ता आली, तीत लोरेटो चॅपेलमधील सुंदर जिना त्याने बांधला असा निर्देश आहे. आणि जोगिणींच्या हिशोबवहीत 1881 मध्ये रोशा ह्यास लाकडासाठी 150 डॉलर दिल्याची नोंद आहे. चिकित्सेच्या दृष्टीने ह्या दोहोंचे वजन सारखे नाही. हिशोबाची नोंद लाकडाची आहे. तीत जिन्याचे नाव नाही, आणि तेवढ्यावरून कर्तृत्व सिद्ध होत नाही. मृत्युवार्ता अधिक बोलकी आहे, कारण ती चमत्काराचे खंडन करावयास लिहिलेली नव्हती. परगावी मृत्यू पावलेला माणूस कोण, हे वाचकांस सांगण्यासाठी त्यांस ठाऊक असलेल्या कामाचा उल्लेख तीत आला. म्हणजे जिना पुरा झाल्यानंतर दीड दशकाच्या आसपास गावात त्याच्या कर्त्याचे नाव माहीत होते. नाव नाहीसे झाले ते मागाहून.

असे घडण्यात नवल नाही. अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत उभारले ही समजूत आजही सांगितली जाते. तेथील शिलालेखात शके 982 चा स्पष्ट काळ आणि शिलाहार राजांचा संबंध असूनही ती मिटलेली नाही. कर्ता दिव्य ठरविला की बांधकामाचा खर्च, वेळ, चुका आणि दुरुस्त्या ह्या सर्वांचा विचार संपतो.

तथापि लोरेटोच्या कथेची जवळची नातलग कथा पाहावयाची असेल तर ती संतचरित्रांत पाहावी. एकनाथांच्या घरी श्रीखंड्याने बारा वर्षे कावडीने पाणी भरले आणि ओळख पटते तोच तो नाहीसा झाला. दामाजीपंतांसाठी विठू महाराने बेदरच्या दरबारात धान्याची रक्कम भरली आणि तो दिसेनासा झाला. जनाबाईसोबत विठ्ठलाने दळण दळले. महीपतीसारख्या चरित्रकारांनी ह्या कथा घरोघर पोहोचविल्या. अनोळखी माणूस येतो, काम करतो, मोबदला न घेता जातो, मग कळते की तो देव होता: सांगाडा तोच आहे. फरक आहे तो कामाच्या जातीत. पाणी भरणे, दळणे, निरोप पोहोचविणे ही कोणासही करता येणारी, आणि म्हणूनच हलकी मानलेली कामे आहेत. देव ती करतो तेव्हा त्या कामांना प्रतिष्ठा येते आणि कोणाचे श्रेय हिरावले जात नाही. श्रीखंड्याच्या कथेने कोणा पाणक्याचे नाव पुसले असे म्हणता येणार नाही. मळसूत्री जिना बांधणे मात्र थोड्यांनाच साधणारी विद्या आहे. ते काम दिव्य ठरविले की ती विद्या कोणाकडे तरी होती, ती त्याने वर्षानुवर्षे शिकून मिळविली होती, ही गोष्टच अनावश्यक होते. रूपरेषा एक असूनही एक कथा श्रमाचा मान वाढविते आणि दुसरी कौशल्याचा मान घटविते. आख्यायिकांचा तौलनिक अभ्यास करताना केवळ सांगाड्याच्या साम्यावर विसंबणे किती अपुरे आहे, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

धर्मश्रद्धेच्या वातावरणात कर्त्याचे नाव लोपलेच पाहिजे, असाही नियम नाही. केंटकी राज्यातील प्लेझंट हिल येथे ब्रह्मचर्य पाळणाऱ्या शेकर पंथाची वसाहत होती. तेथल्या विश्वस्तांच्या कचेरीत समोरासमोर चढणारे दोन तिमजली मळसूत्री लाकडी जिने आहेत. लोरेटोच्या आधी चार दशके, 1840 च्या सुमारास, ते मायकाजा बर्नेट ह्याच्या योजनेने बांधले गेले. ते लोरेटोइतके निराधार नाहीत, पण वळणाची सफाई पाहता त्यांहून उणेही नाहीत. त्यांच्यासंबंधी चमत्काराची कथा नाही. बर्नेटचे नाव टिकले, आणि शेकर पंथाच्या श्रद्धेला त्यामुळे काही बाध आला नाही.

राहता राहिला निगेचा प्रश्न, आणि तोही समीक्षेच्या कक्षेत येतो. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. सांध्यांतील सरस कालांतराने सुटतो. खुंट्या सैल होतात. पायरी उभ्या फळीशी घासून करकरू लागते. सरळ जिन्यात एक पायरी काढून दुसरी बसविता येते. मळसूत्री जिन्यात प्रत्येक सांधा पिळाचा वाटेकरी असल्यामुळे एकास हात लावणे म्हणजे शेजाऱ्यांसही हात लावणे होय. म्हणून ह्या कृतीचे आयुष्य तिच्या मूळ कर्त्याइतकेच तिची नंतर देखभाल करणाऱ्यांचे आहे. त्यांच्यापैकी हेश एकटा नावानिशी ओळखीचा आहे. शाळेची मालमत्ता 1971 मध्ये विकली गेली; चॅपेल आता खाजगी मालकीचे संग्रहालय असून सर्वसामान्यांस जिना चढू दिला जात नाही. जतनाच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय आहे. परंतु त्यामुळे हा जिना पायाकडून पूर्णपणे डोळ्याकडे गेला आहे, आणि कठडा खटकणाऱ्या रसिकांचे मत आता तपासून पाहण्याची सोय उरलेली नाही.

रोशा पुढे दक्षिणेस अलामोगोर्डोजवळच्या डॉग कॅन्यन ह्या दरीत एकटा राहत असे. तेथे त्याने गुरे पाळली आणि फळझाडे लावली. डिसेंबर 1894 मध्ये तो आपल्या घरात गोळी लागून मरण पावलेला आढळला. त्याच्या दगडी घराचे अवशेष आणि त्याने रचलेली दगडी भिंत आज तेथील ऑलिव्हर ली स्मारक उद्यानात पाहावयास मिळतात.